खुलासा : ‘भटकं कुत्रं काय शिकणार?’

तलावपाळीवर सकाळी फिरताना एका निवृत्त सुभेदारांनी विषय काढला. अमेरिकेत माजी सैनिकांना शेल्टरमधली, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातली कुत्री शिकवून मदतीला देतात म्हणे. शेजारच्या काकांनी लगेच निकाल दिला, “छे हो, त्याला लॅब्रेडॉरच लागतो. रस्त्यावरचं कुत्रं फार तर भाकरीला जागतं.”

ठाण्यात हे मत घरोघरी ऐकू येतं. पण ते चूक आहे. अमेरिकेच्या अपंगत्वविषयक कायद्यात सेवाश्वानाला, म्हणजे अशा मदतनीस कुत्र्याला, जातीची अट नाहीच. मालकाच्या अपंगत्वाशी निगडित ठरावीक काम त्याला यायला हवं, एवढंच. वाईट स्वप्नात तडफडणाऱ्याला उठवणं, गर्दीत पाठीशी उभं राहून लोकांना अंतरावर ठेवणं, जीव घाबरला की नाकाने ढोसून भानावर आणणं. यात वंशावळ कुठे आली? २०२१ साली तिथे कायदा झाला तो तर मानसिक आघाताने त्रस्त माजी सैनिकांनी स्वतःच कुत्री शिकवावीत, अशा उपचारप्रयोगाचा.

काकांचं एक मात्र खरं. शेल्टरमधली बरीच कुत्री निवडीत गळतात. पूर्वायुष्य ठाऊक नसतं. कुणी फटाक्याला बिचकतं, कुणाचा खुबाच कमजोर निघतो. म्हणून आधी स्वभाव आणि तब्येत पारखतात, मग कित्येक महिने शिकवतात. पण गळती जातिवंतांतही होतेच की.

आणि अमेरिका कशाला? उत्तराखंड पोलिसांनी २०१९ मध्ये ‘ठेंगा’ नावाचं रस्त्यावरचं कुत्रं श्वानपथकात घेतलंच होतं. हे सांगितल्यावर काका म्हणाले, “नाव काय म्हणालात?”