प्लगिन-व्यवस्था (जावास्क्रिप्ट अ‍ॅप्लिकेशनमधील)

जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या अ‍ॅप्लिकेशनच्या गाभ्याला हात न लावता त्यात नवे काम जोडता यावे आणि तेच जोडकाम दुसऱ्या अ‍ॅप्लिकेशनमध्येही वापरता यावे, यासाठी केलेल्या सोयीला प्लगिन-व्यवस्था आणि त्या जोडकामाला प्लगिन म्हणतात. कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवला की प्लगिन झाले, हा समज चुकीचा आहे. ती फाइल गाभ्यातील व्हेरिएबल थेट वापरत असेल, तर त्या अ‍ॅप्लिकेशनबाहेर तिचा उपयोग शून्य. गोव्यात चवथीला गणपतीवर बांधल्या जाणाऱ्या माटोळीची चौकट तीच राहते आणि नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, आंबाडे तिला दरवर्षी नव्याने बांधले जातात. ही उपमा मात्र अर्धीच लागू पडते, कारण माटोळीतले फळ चौकटीशी बोलत नाही. प्लगिनला बोलावे लागते.

2006 मध्ये आलेल्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीने एका सामायिक ऑब्जेक्टला फंक्शन चिकटवण्याची साधी रीत रूढ केली, पण दोन प्लगिनांनी एकच नाव घेतले की नंतरचे आधीच्याला पुसून टाकी. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे नोड.जेएस आणि त्याचे पॅकेज-भांडार एनपीएम आल्यावर प्लगिन हे स्वतंत्र पॅकेज झाले. 2015 च्या भाषामानकात मोड्यूल, म्हणजे एका फाइलमधून दुसरीत मागवता येणारे कोडचे स्वतंत्र भाग, आले आणि 2020 च्या मानकात, चालू असलेल्या प्रोग्रॅमला गरजेच्या वेळी मोड्यूल मागवता येईल अशी इम्पोर्टची सोय आली. त्यामुळे प्लगिन लोड करणे आज दोन-चार ओळींचे काम आहे. अवघड भाग आहे तो गाभा आणि प्लगिन यांच्यातील कराराचा, म्हणजे कोणी कोणाला काय द्यायचे हे ठरवण्याचा.

गोव्यातील जत्रा आणि त्यानिमित्त होणारी मराठी नाटके दाखवणारी दिनदर्शिका उदाहरणादाखल घेऊ. शिरगावच्या लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते, म्हणजे तिची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. तिथीवरून तारीख काढण्याचे गणित गाभ्यात न कोंबता गाभ्याने एवढेच ठरवावे, की प्रत्येक प्लगिनला एक नाव असेल आणि वर्ष दिल्यावर नोंदींची यादी परत करणारे एक फंक्शन असेल. असे तिथींचे प्लगिन सिंधुदुर्गातील दशावताराच्या दिनदर्शिकेलाही जसेच्या तसे चालते, कारण शिरगाव कुठे आहे हे त्याला ठाऊकच नसते. देव, गाव आणि तिथी त्याला सेटिंगमधून मिळतात.

करारात तारखेचे रूपही लिहिलेले असावे. प्लगिनने स्थानिक मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट बनवला, तो टूआयएसओस्ट्रिंगने जागतिक वेळेतील मजकुरात बदलला आणि त्यातली पहिली 10 अक्षरे उचलली, तर भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने त्या मजकुरात आदल्या दिवसाचे 18:30 येतात, हाती आदली तारीख लागते आणि जत्रा एक दिवस अगोदर दिसू लागते. म्हणून वर्ष-महिना-दिवस असा साधा मजकूरच मागणे बरे.

एका प्लगिनमध्ये चूक झाली म्हणून सारी दिनदर्शिका कोरी पडू नये, यासाठी गाभा प्लगिनला मारलेली प्रत्येक हाक ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे चूक पकडणाऱ्या जाळ्यात, ठेवतो. फंक्शन असिंक, म्हणजे उत्तर नंतर देणारे, असेल तर त्याची अवेटने वाट पाहणे आवश्यक असते, नाहीतर चूक त्या जाळ्यातून निसटते. प्लगिन काढताना त्याने लावलेले टायमर आणि इव्हेंट-लिसनर (क्लिकसारख्या घटनांवर कान ठेवणारी फंक्शने) सोडवणारे फंक्शनही करारात हवे. ते बहुधा विसरले जाते.

गाभ्याची कोणती आवृत्ती चालेल हे प्लगिन आपल्या पॅकेज.जेसन या माहितीच्या फाइलमधील पिअर-डिपेंडन्सीजमध्ये, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनने आधीच पुरवायच्या पॅकेजांच्या यादीत, सांगते. गाभा साधी डिपेंडन्सी, म्हणजे प्लगिनसोबत आपोआप येणारे पॅकेज, म्हणून नोंदवला तर त्याच्या दोन प्रती येऊ शकतात, आणि प्लगिन भलत्याच प्रतीत नोंदले जाऊन पडद्यावर काहीच उमटत नाही. एररही येत नाही.

पानात थेट लोड केलेल्या प्लगिनला त्या पानाचे सर्व अधिकार मिळतात. 2018 मध्ये एनपीएमवरील इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजची देखभाल एका अनोळखी व्यक्तीकडे गेली आणि बिटकॉइन चोरणारा कोड त्याच्या डिपेंडन्सीतून आत शिरला. परक्या प्लगिनला म्हणून सँडबॉक्स केलेल्या आयफ्रेममध्ये, म्हणजे अधिकार काढून घेतलेल्या पानातल्या पानात, ठेवून पोस्टमेसेजने निरोप पाठवत संवाद साधतात. वेब वर्करमध्ये, म्हणजे पानामागे वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, ठेवल्यास त्याचा हात पानाच्या डॉमपर्यंत (पानावरील घटकांच्या रचनेपर्यंत) पोचत नाही, पण नेटवर्क त्याला मोकळेच असते. तेथे कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीने, म्हणजे पानाने कुठे संपर्क साधावा हे ब्राउझरला सांगणाऱ्या नियमांनी, वेगळी अडवणूक करावी लागते.