घाटातच मिसिंग का?

अमावास्येला मावशीला घेऊन तुळजापूरला निघालो. सोलापुरातून घाटाच्या पायथ्यापर्यंत माझी जुनी पेट्रोल गाडी मुकाट आली. चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला आणि मिसिंग, म्हणजे इंजिनचं गचके खाणं, सुरू. मागून मावशी, "लिंबू-मिरची बांधली नाहीस का रे?" लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खुपसली तर जेमतेम एक व्होल्ट मिळतो. इंजिनात पेट्रोल पेटवणाऱ्या स्पार्क प्लगला ठिणगीसाठी लागतात हजारो.

सपाटीला ठीक आणि चढाला गचके, या लक्षणावर माझा जीव आहे. प्लगच्या टोकांत सुमारे एक मिलिमीटरची फट असते. मोकळ्या हवेत ती ओलांडायला साधारण 4,000 व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र पिस्टनने हवा-पेट्रोल दाबलेलं असतं. ठिणगी पडायची तर एका सुट्या इलेक्ट्रॉनने वेग घेऊन रेणूवर आदळायचं, त्यातून दुसरा उडवायचा, मग दोनाचे चार, चाराचे आठ. आता सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत पळून बघा! दोन पावलांत कुणाला तरी धडकाल, पण त्या धडकेत जोर नसेल. दाटीत इलेक्ट्रॉनचं तेच होतं. तोकड्या धावेत तेवढाच जोर हवा तर मागून रेटा, म्हणजे व्होल्टेज, वाढवायला हवं. फ्रीडरिश पाशेनने 1889 मध्ये दाखवलं, की हे व्होल्टेज दाब आणि फट यांच्या गुणाकारावर ठरतं.

घाटात ॲक्सिलरेटर दाबला की हवा जास्त, दाब जास्त, मागणी जास्त. प्लगला वीज पुरवणारी कॉइल व्होल्टेज चढवत नेते, पण प्लगकडे जाणाऱ्या वायरीच्या रबराला तडा असेल तर विजेला प्लगपेक्षा इंजिनच्या धातूवर उडी मारणं सोपं पडतं. रात्री अंधारात बॉनेट उघडलं, हात लांब ठेवले, बायकोला न्यूट्रलमध्ये रेस करायला सांगितलं. तिसऱ्या वायरीवर निळी ठिणगी टकटकत होती.

वायरी आणि प्लग बदलणं सोपं आहे. इंजिन पूर्ण गार हवं. एक वायर काढायची, तिथे लगेच नवी लावायची. चारही एकदम काढल्या की 1-3-4-2 हा सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम हमखास चुकतो. ओढायचं रबरी टोपीला धरून, वायरीला नाही. फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, फट तपासून प्लग आधी बोटांनीच फिरवायचा, पाना शेवटी. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले की काम मोठं होतं. दुकानदार म्हणाला, "इरिडियमच्या टोकाचा प्लग घ्या, मायलेज वाढेल." इरिडियम जास्त टिकतो, हे खरं. मायलेजचं तो गिऱ्हाईक बघून सांगतो.

जुन्या चारांपैकी तिसराच प्लग काजळीने काळा होता. मावशीच्या हातात दिला. तिने हुंगला, पदराला बोटं पुसली आणि म्हणाली, "पेट्रोल मारतंय की रे हे."