चेताविज्ञान परिषदेतील सत्र : प्रस्ताव व संयोजन

चेताविज्ञानाच्या, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेच्या अभ्यासाच्या, परिषदेत एकाच प्रश्नाचा वेगवेगळ्या बाजूंनी अभ्यास करणाऱ्या काही संशोधकांना एका व्यासपीठावर आणून, त्यांची भाषणे व श्रोत्यांशी चर्चा असा जो साधारण दीड ते अडीच तासांचा कार्यक्रम योजला जातो, त्यास सत्र किंवा परिसंवाद म्हणतात. गोषवारा पाठवून पोस्टर लावणारा संशोधक स्वतःच्या निष्कर्षांपुरता उत्तर देतो. सत्राच्या संयोजकाला मात्र हे वक्ते एकत्र का, याचे उत्तर परिषदेच्या कार्यक्रम समितीला आधीच लेखी द्यावे लागते.

अमेरिकेतील सोसायटी फॉर न्यूरोसायन्स (स्थापना १९६९) या संस्थेची वार्षिक सभा आणि युरोपात सम वर्षी भरणारा फेन्स फोरम या परिषदा असे प्रस्ताव बऱ्याच महिन्यांआधी मागवतात. भारतात इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरोसायन्सेस १९८२ पासून कार्यरत आहे. प्रस्तावात शीर्षक, विषयाचे प्रयोजन, वक्त्यांची नावे व प्रत्येकाचा मुद्दा अपेक्षित असतो. सर्व वक्ते एकाच प्रयोगशाळेचे नसावेत, त्यांत स्त्रिया व तरुण संशोधक असावेत, याकडेही समित्या लक्ष देतात.

खरी कसोटी प्रश्नाच्या निवडीत असते. ‘मेंदू आणि भाषा’ हे शीर्षक सत्राला पुरत नाही, कारण त्यात वाद घालण्याजोगे काही नाही. याउलट बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातून सहज सुचणारा एक प्रश्न पाहावा: घरी मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणाऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश उशिरा गाठतो काय? हैदराबादेतील ६४८ रुग्णांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात द्विभाषकांमध्ये स्मृतिभ्रंशाची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे आढळले, आणि निरक्षरांतही हा फरक दिसला. परंतु दवाखान्यात येणाऱ्यांवरून साऱ्या समाजाविषयी निष्कर्ष काढता येतो काय, हा आक्षेप उरतोच, आणि लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या काही अभ्यासांतून असा लाभ स्पष्टपणे दिसलेला नाही. या विषयावरील सत्रात चेतातज्ज्ञ, भाषाशास्त्रज्ञ आणि साथरोगतज्ज्ञ यांच्याबरोबर वाचोपचारतज्ज्ञही (बोलण्याच्या व भाषेच्या अडचणी तपासून उपचार करणारा) हवा, कारण मराठीतील स्मरणचाचणी कन्नडमध्ये नुसती भाषांतरित केल्याने तितकीच अवघड राहत नाही, आणि रुग्णाची चाचणी कोणत्या भाषेत घ्यावी हे ठरवल्याखेरीज आकड्यांना अर्थ येत नाही. वक्त्यांपैकी एक तरी द्विभाषकत्वाच्या लाभाविषयी साशंक असावा. एकमताची सत्रे बहुधा निरस होतात.

बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय (१९६३) आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ (१९९८) असल्याने रुग्णसेवा व तंत्रज्ञान ही दोन्ही अंगे शहरातच मिळतात. मानसिक आरोग्य व चेताविज्ञानाची राष्ट्रीय संस्था निम्हान्स मात्र बंगळूरला आहे, त्यामुळे संयोजकाचा पत्रव्यवहार बहुधा तिकडे वळतो. वक्त्यांची लेखी संमती प्रस्तावापूर्वीच घ्यावी. प्रवासखर्च व नोंदणीशुल्क कोण देणार, हेही तेव्हाच ठरवावे, कारण अनेक परिषदा सत्रातील वक्त्यांकडूनही शुल्क घेतात आणि लहान महाविद्यालयातील अध्यापकाला ते जड जाते.

प्रस्ताव मान्य झाल्यावर संयोजकाने वक्त्यांची ऑनलाइन बैठक घेऊन कोणाचे भाषण कोठे संपते व पुढच्याचे कोठून सुरू होते हे निश्चित करावे, म्हणजे प्रास्ताविक चार वेळा ऐकावे लागत नाही. प्रत्यक्ष सत्रात अध्यक्षाला वेळ पाळणे जमले पाहिजे. पहिला वक्ता दहा मिनिटे लांबला की ती चर्चेतून वजा होतात. नाकारलेला प्रस्ताव समितीच्या अभिप्रायानुसार सुधारून पुढील परिषदेस किंवा एखाद्या प्रादेशिक मेळाव्यास पाठवता येतो.