पिल्लं दिसली की धरणाचं पाणी सुटतं : कोलोरॅडो खोऱ्यातल्या तडजोडीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या युटा राज्यात, कोलोरॅडोला मिळणाऱ्या ग्रीन नदीच्या काठाला उन्हाळ्याच्या तोंडावर रात्री दिवे लावलेले छोटे सापळे ठेवतात, त्यात शोधायची असतात जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची, आरपार दिसतील अशी पिल्लं, रेझरबॅक सकर नावाच्या माशाची. ती सापडली की निरोप वर फ्लेमिंग गॉर्ज धरणाकडे जातो, तिथून जादा पाणी सोडतात, नदी काठ ओलांडून बाजूच्या पाणथळीत शिरते आणि पिल्लं त्या कोमट, भरपूर खाद्य असलेल्या पाण्यात वाढतात. २०१२ पासून ही पद्धत चालू आहे आणि मला ती फार मोठी गोष्ट वाटते, कारण हेच धरण बांधताना याच माशांना विष घालून मारलं होतं.

हो, अक्षरशः विष. सप्टेंबर १९६२ मध्ये, धरणात पाणी अडवायच्या आधी, ग्रीन नदी आणि तिच्या उपनद्यांच्या ७०० किलोमीटरहून जास्त पात्रात रोटेनोन सोडलं. हे मुळांपासून काढलेलं द्रव्य आहे, त्याने माशाला पाण्यातला ऑक्सिजन वापरताच येत नाही. हेतू काय, तर नव्या जलाशयात गळाने मासेमारी करणाऱ्यांसाठी ट्राउट मासे सोडायचे होते आणि स्थानिक मासे म्हणजे तेव्हाच्या खात्यांच्या लेखी कचरा. खाली पोटॅशियम परमँगनेट टाकून विषाचा असर घालवायचं ठरलं होतं पण ते पुरलं नाही आणि विष थेट डायनासोर नॅशनल मॉन्युमेंट या संरक्षित क्षेत्राच्या हद्दीत पोचलं. त्यावरून बराच गदारोळ झाला. पण खरं नुकसान नंतरचं, धरणाच्या तळातून येणारं थंडगार स्वच्छ पाणी. या माशांना गढूळ, पुराचं, उन्हाळ्यात तापणारं पाणी लागतं, ते गेलं आणि वीण थांबली. १९७८ मध्ये वरच्या थरातलं कोमट पाणी घेता येईल अशी सोय धरणाला केली, म्हणजे चूक कळायला पंधराएक वर्षं लागली.

या स्थानिक माशांतला पाइकमिनो तर जवळजवळ ६ फुटांपर्यंत वाढायचा, अंडी घालायला शेकडो किलोमीटर जायचा, जुने वसाहतवाले त्याला पांढरा सालमन म्हणत आणि आवडीने खात. तो आणि हम्पबॅक चब १९६७ मध्ये धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत गेले, बोनीटेल हा मासा १९८० आणि रेझरबॅक १९९१ मध्ये. मधे १९७३ चा, असे प्राणी वाचवण्याचा कडक कायदा आला आणि १९७८ मध्ये टेनेसीत तीन इंचाच्या एका माशापायी जवळपास पूर्ण झालेलं टेलिको धरण सुप्रीम कोर्टाने थांबवलं. (पुढच्याच वर्षी संसदेने त्याला सूट दिली, ते वेगळं.) त्या निकालाने कोलोरॅडो खोऱ्यातले शेतकरी, शहरांचे पाणीपुरवठेवाले सगळेच हादरले, कारण केंद्राची परवानगी लागणारं कुठलंही पाण्याचं काम आता माशावरून अडू शकत होतं.

कोर्टकचेऱ्या करत बसण्याऐवजी जानेवारी १९८८ मध्ये कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंगचे गव्हर्नर, केंद्राचं गृहखातं (तिकडे पाणी आणि वन्यजीव त्याच्याकडे) आणि धरणाची वीज विकणारी यंत्रणा यांनी करार केला. सूत्र सरळ होतं, कुणाचाही पाण्याचा जुना हक्क हिसकावायचा नाही, पण सगळ्यांनी मिळून मासे वाचवायचे, आणि ते काम नीट चाललं तर एकेका कालव्याच्या मागे कायदा लागणार नाही. सॅन वान नदीसाठी १९९२ मध्ये असाच दुसरा कार्यक्रम झाला, त्यात तिथल्या आदिवासी जमातीही आहेत.

या कराराचा कस लागतो तो कोलोरॅडो राज्यात ग्रँड जंक्शन शहराजवळच्या, कोलोरॅडो नदीच्या २४ किलोमीटरच्या पट्ट्यात. वर पॅलिसेडच्या पीचच्या बागा, त्यांच्या कालव्यांचे हक्क १८८० च्या दशकापासूनचे, आणि तिकडे नियम असा की ज्याने आधी पाणी घेतलं त्याचा हक्क आधी. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात कालवे भरून वाहतात आणि खाली गनिसन नदी मिळेपर्यंत पात्र आटतं. कोरड्या वर्षीसुद्धा इथे ८१० क्युसेक तरी असावेत असं लक्ष्य आहे. १९९९ मध्ये ठरलं की चालू वापर, सुमारे १० लाख एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं राहील इतकं पाणी म्हणजे एक एकर-फूट), तसाच राहील, वर १,२०,००० एकर-फूट नवा वापरही चालेल, पण पाणी वापरणाऱ्यांनी दरवर्षी १०,८२५ एकर-फूट माशांसाठी सोडायचं. आपल्या हिशेबात हे अर्धा टीएमसीसुद्धा नाही. कालव्यांवर आपोआप चालणारे दरवाजे बसवले, त्यामुळे शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवायला पूर्वीइतकं जादा उचलावं लागत नाही, वाचलेलं नदीला राहतं. बंधाऱ्यांना माशांच्या वाटा केल्या, रेडलँड्स बंधाऱ्याची १९९६ मध्ये, तिथे वर चढून आलेले मासे माणसं हाताने निवडतात, स्थानिक पुढे सोडतात आणि बाहेरचे काढून टाकतात.

फळ मिळालं का? हम्पबॅक चब २०२१ मध्ये एक पायरी सावरला, यादीत त्याचा धोका कमी दर्जाचा धरला गेला. पाइकमिनो मात्र नाही, त्याची पिल्लं बाहेरून आणून सोडलेले पाइक आणि स्मॉलमाउथ बास हे शिकारी मासे खातात, आणि बोनीटेल हॅचरीच्या, म्हणजे पिल्लं वाढवून सोडणाऱ्या केंद्रांच्या, जिवावरच टिकून आहे.

मला खटकतं ते एकच, माशांच्या वाट्याचा मोठा भाग ग्रीन माउंटन धरणातल्या शिल्लक पाण्यावर आहे, म्हणजे शेतीचं भागल्यावर जे उरेल ते, आणि दुष्काळात उरतच नाही. म्हणून अलीकडे कोलोरॅडो राज्याची जलसंस्था पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या एका स्थानिक संस्थेकडून रुडाय धरणातला तिचा साठा भाड्याने घेते आणि उन्हाळा सरताना त्या २४ किलोमीटरांसाठी सोडते.