पोस्त वेगळी, बोनस वेगळा

पोस्त म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. दिवाळीच्या तोंडावर पोस्टमन, पेपरवाला, कचरेवाला, लिफ्टमन दारात येतात, आपण पाकीट देतो. शंभर द्या नाहीतर पाचशे, ज्याची त्याची खुशी. बेल वाजली की दिवे मालवून आत बसणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. वर्षभर ज्यांनी चार-चार मजले चढून तुमची कामं केली, त्यांच्यासाठी दोन मिनिटं दार उघडा.

बोनस खुशीवर नसतो. सगळा घोळ इथेच होतो. आमच्या सोसायटीत दर दिवाळीला वॉचमनसाठी घरटी वर्गणी निघते आणि फळ्यावर लागतं, 'वॉचमनना बोनस दिला.' तो बोनस नव्हे. ती पोस्त.

बोनस हा कमाईचा भाग आहे आणि तो ज्याने कामावर ठेवलं त्याने द्यायचा असतो. 1965 च्या कायद्याप्रमाणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि वर्षात 30 दिवस तरी काम केलेल्या माणसाला किमान 8.33 टक्के. नफा असेल तर 20 टक्क्यांपर्यंत. आता त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता आली, तरी किमान दर तोच आहे. 8.33 म्हणजे शंभराचा बारावा भाग, वर्षाला एक महिना. (1965 च्या कायद्यात पगार मोठा असेल तर हिशेब 7,000 किंवा किमान वेतन, यातल्या मोठ्या आकड्यावरच व्हायचा, म्हणून हातात पूर्ण महिना येत नसे.)

मी खजिनदार झाले तेव्हा सिक्युरिटी एजन्सीचं बिल पहिल्यांदा ओळ न ओळ वाचलं. मूळ पगार, पीएफ, ईएसआय आणि त्याखाली 'बोनस 8.33 टक्के'. हे पैसे आम्ही दरमहा भरत होतो. रात्रपाळीच्या काकांना विचारलं, बोनस किती मिळाला? ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच नाही का गोळा करून दिला?" एजन्सीने त्यांना तसंच सांगितलं होतं. आमच्या वर्गणीच्या आड त्यांचा हक्काचा पैसा दोन वर्षं अडकून पडला होता. तेव्हापासून बोनस बँकेत जमा झाल्याचा कागद पाहिल्याशिवाय मी दिवाळीच्या महिन्याचं बिल काढत नाही. वर्गणी चालूच आहे, फळ्यावर मात्र 'पोस्त' असं लिहिते.

दरवर्षी फिरणारा तो मेसेजही आता थांबवा, की इंग्रजांनी आठवड्याचा पगार महिन्याचा करून बुडवलेला तेरावा पगार म्हणून 1940 साली बोनस सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धाच्या महागाईत, 1917 सालीच, बोनस मिळू लागला होता. 1923 चा बोनस मालकांनी नाकारला, म्हणून 1924 च्या सुरुवातीला दीड लाखांवर कामगार संपावर गेले. सरकारी समितीने निवाडा दिला की बोनसवर त्यांचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे मालकाची खुशी, पोस्तच. ते उलटून कायद्यात यायला चाळीस वर्षं गेली.

राहिल्या घरकामाच्या मावशी. घरांना हा कायदा लागू नाही, म्हणून लोक बिनदिक्कत साडी आणि मिठाईचा डबा देऊन 'बोनस' म्हणतात. मला हे पटत नाही. त्यांनीही महिने मोजूनच काम केलेलं असतं. वर्ष भरलं असेल तर एक पूर्ण पगार द्या. मार्चपासून लागल्या असतील आणि दिवाळी ऑक्टोबरअखेरीस असेल तर आठ महिने झाले, म्हणजे महिना 3,000 असेल तर 2,000. साडी द्यायची तर जरूर द्या, पण या पैशांतून तिची किंमत वळती करू नका.