पाटण (पाटणादेवी, ता. चाळीसगाव)

खान्देशातलं यादवकालीन गाव, चाळीसगावपासून साधारण १८ किमीवर, सातमाळा-अजिंठा रांगेच्या पायथ्याशी. आता गाव असं उरलेलं नाही, गौताळा औट्रमघाट अभयारण्याचं जंगल आहे आणि त्यात चंडिकादेवीचं नि महादेवाचं अशी दोन दगडी देवळं, दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. नवरात्रात देवीला गर्दी असते ते सगळ्यांना माहीतच आहे.

देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतात पण ते जरा सैलच आहे, कारण इथला एक लेख शके १०७५ चा (इ.स. ११५३ च्या आसपास), इथल्या निकुंभ या मांडलिक घराण्यातल्या इंद्रराजाने सुरू केलेलं शिवमंदिर त्याचा मुलगा गोवन याच्या काळात पुरं झालं असं सांगणारा, आणि ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो यादवांचा मंत्री हेमाद्री तर त्यानंतर शंभरेक वर्षांनी आला.

खरा महत्त्वाचा तो दुसरा लेख, भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो सिंघण या यादव राजाचा राजज्योतिषी होता (तापी-पूर्णेच्या संगमावरचा योगी चांगदेव वेगळा, आपल्याकडे हा घोळ नेहमी होतो), त्याने आजोबांचे सिद्धांतशिरोमणीसारखे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला आणि सोइदेव निकुंभाने त्याला दान दिलं. साल शके ११२८ लिहिलंय, म्हणजे हिशोबाने १२०६, पण सोबत दिलेलं प्रभव संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं पहिलं) दख्खनी गणनेने १२०७ ला पडतं, म्हणून १२०६-०७ असं म्हणणं बरं.

शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, 'इयां पाटणीं जें केणें उघटे' असा. केणें म्हणजे विक्रीचा माल. त्यावर राजाला मिळणारं उत्पन्न मठाला, चालत्या घाण्यामागे पळी पळी तेल, आणि इथे जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजायचं नि मापणावळीतला अर्धा वाटा मठाला. म्हणजे बऱ्यापैकी मोठी बाजारपेठ होती इथे, नाहीतर असं दान देऊन उपयोग काय.

भास्कराचार्य (जन्म शके १०३६) इथलेच का यावर वाद आहे. ते स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड सांगतात, ते कुणी विजापूर म्हणतं, कुणी बीड, कुणी पाटणच्या आसपासचंच एखादं गाव. पाटणवाल्यांचा भर लेखातल्या 'पुरादतः' या शब्दावर, यादव राजा जैत्रपालाने चांगदेवाचा बाप लक्ष्मीधर याला 'या गावातून' नेलं असं त्यात आहे. त्यावरून लक्ष्मीधर इथे राहत होता एवढं धरता येतं, जन्मस्थान त्यातून निघत नाही. तरी घराण्याचा संबंध बघता विजापूरपेक्षा हा भाग जास्त पटतो.

जवळ नागार्जुन, सीतेची न्हाणी, शृंगारचावडी ही लेणी नि वर कन्हेरगड. पितळखोऱ्याची बौद्ध लेणीही याच डोंगरात, पण ती कितीतरी जुनी.