महारेराची एजंट नोंदणी: प्रशिक्षण, परीक्षा, कागदपत्रे आणि अर्ज अडकण्याची कारणे

महाराष्ट्रात नव्या प्रकल्पातले घर, दुकान किंवा भूखंड विकासकाच्या वतीने विकायचा असेल, तर तीन टप्पे पार करावे लागतात आणि तेही याच क्रमाने: २० तासांचे प्रशिक्षण, परीक्षा देऊन मिळवायचे सक्षमता प्रमाणपत्र आणि मग महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी. अनेक जण शेवटापासून सुरुवात करतात. पोर्टलवर अर्ज उघडतात, पॅन आणि पत्ता भरतात आणि प्रमाणपत्र मागितले की थांबतात. महारेराने १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने हे प्रमाणपत्र सक्तीचे केले. आधीच नोंदणी असलेल्यांची मुदत वाढवत वाढवत १ जानेवारी २०२४ पर्यंत नेली होती. तरीही ज्यांनी परीक्षा दिली नाही, अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. त्यामुळे 'नंतर बघू' म्हणण्यासारखी ही अट नाही.

नोंदणी कोणाला लागते

स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम ९ नुसार, महारेराकडे नोंदवलेल्या प्रकल्पातील विकासकाच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी हवी. कायद्यातली एजंटची व्याख्या बरीच रुंद आहे. कोणत्याही माध्यमातून गिऱ्हाईक आणि विक्रेता यांची गाठ घालून देणारा आणि त्याबद्दल मोबदला घेणारा माणूस एजंटच ठरतो, मग तो स्वतःला सल्लागार म्हणवो की चॅनेल पार्टनर. व्हॉट्सॲपवर प्रकल्पाची जाहिरात फिरवून 'रेफरल' घेणाऱ्यांनी ही व्याख्या एकदा नीट वाचावी.

जुन्या इमारतीतल्या सदनिकेची पुनर्विक्री किंवा भाड्याचे व्यवहार कलम ९ च्या या बंधनात येत नाहीत. पण फक्त पुनर्विक्री करणारा एजंटही आज ना उद्या नव्या प्रकल्पाचे गिऱ्हाईक घेऊन येतोच, आणि नोंदणी नसताना केलेला तो पहिलाच व्यवहार दंडाला पात्र ठरतो. उल्लंघन चालू राहील त्या प्रत्येक दिवसाला १०,००० रुपये, वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, असा तो दंड आहे.

एका नोंदणीवर संपूर्ण राज्यात काम करता येते. मुंबईची वेगळी, नागपूरची वेगळी असे काही नाही. गोवा किंवा कर्नाटकातले प्रकल्प विकायचे असतील तर मात्र तिथली नोंदणी घ्यावी लागते.

वैयक्तिक की फर्मच्या नावाने?

अर्जाच्या सुरुवातीलाच हा निर्णय घ्यावा लागतो आणि तो पुढे सहज बदलता येत नाही. व्यक्ती म्हणून नोंदणीचे शुल्क १०,००० रुपये आहे. कंपनी, भागीदारी वगैरेंसाठी ते १,००,००० रुपये. दोन्ही नोंदण्या पाच वर्षे चालतात. एकट्याने काम करणाऱ्याने केवळ लेटरहेडवर मोठे नाव दिसावे म्हणून दहापट शुल्क भरण्यात अर्थ नाही. मात्र विकासकाशी करार फर्मच्या नावाने होणार असेल, दलाली फर्मच्या खात्यात येणार असेल आणि बिलही फर्मच देणार असेल, तर नोंदणीही फर्मचीच हवी. नोंदणी एकाची आणि बिल दुसऱ्याचे असा प्रकार विकासकाचा लेखा विभाग हमखास अडवतो.

अर्ज फर्मचा असला तरी परीक्षा फर्म देत नाही, माणसे देतात. म्हणून गिऱ्हाइकांशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसांचे प्रशिक्षण आधी उरकून घ्यावे.

प्रशिक्षण आणि परीक्षा

प्रशिक्षण महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेतच घ्यावे लागते. प्रत्यक्ष, ऑनलाइन किंवा दोन्ही मिळून, असे पर्याय आहेत. प्रवेश घेताना दोन गोष्टी विचारून घ्या: सांगितलेल्या शुल्कात परीक्षेचे शुल्क धरले आहे का, आणि हजेरी कमी पडली तर राहिलेले तास भरून काढता येतात का. नाव नोंदवताना ते पॅनवर जसे आहे तसेच, अक्षर अन् अक्षर जुळवून लिहा. प्रशिक्षणाच्या दाखल्यावर 'सुनील रा. पाटील' आणि पॅनवर 'सुनील रामचंद्र पाटील' अशी तफावत पुढे तीन ठिकाणी आडवी येते: परीक्षेला, प्रमाणपत्राला आणि नोंदणीला.

परीक्षा ऑनलाइन आणि बहुपर्यायी असते, आयबीपीएस या बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत होते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४० टक्के गुण लागतात. ती अवघड नाही. पण अभ्यासक्रम केवळ पास होण्यापुरता वाचून बाजूला ठेवणे हे नुकसानीचे आहे, कारण गिऱ्हाइकासमोर बसल्यावर रोज लागणारे ज्ञान त्यातच आहे.

उदाहरणार्थ चटई क्षेत्र (कार्पेट एरिया). कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, फक्त त्या सदनिकेची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. करारात ६० चौरस मीटर लिहिले असेल तर ते सुमारे ६४६ चौरस फूट होतात. बाल्कनी मिळवून 'साडेसातशेचा फ्लॅट' असे सांगणे ही बाजारातली जुनी सवय असली, तरी कायद्याच्या भाषेत ती दिशाभूल आहे, आणि कलम १० ने एजंटला त्यापासून स्पष्टपणे रोखले आहे.

पैशाच्या बोलणीचेही तसेच. बांधकाम चालू असलेली ६० लाखांची सदनिका घेणाऱ्याला पुढचा हिशेब पहिल्याच बैठकीत लिहून द्यावा. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. नोंदणी शुल्क १ टक्का असले तरी कमाल मर्यादा ३०,००० असल्यामुळे तेवढेच. मुद्रांक शुल्क त्या त्या ठिकाणच्या दराने. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याने खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा आहे, इथे ६०,००० रुपये. पण हा वरचा खर्च नव्हे, किमतीतूनच कापून सरकारजमा करायची रक्कम आहे. हा फरक न सांगितल्यामुळे शेवटच्या हप्त्याला वाद होतात. आणि नोंदणीकृत करारनामा होण्याआधी विकासकाला १० टक्क्यांहून अधिक, म्हणजे इथे ६ लाखांहून जास्त रक्कम घेता येत नाही. 'आज वीस टक्के भरा, भाव धरून ठेवतो' असे विकासकाच्या वतीने सांगणारा एजंट त्यालाही गोत्यात आणतो आणि स्वतःही येतो. टोकनची रक्कम स्वतःच्या खात्यात तर कधीच घेऊ नये. ती प्रकल्पाच्या खात्यात जायला हवी. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के जमीन आणि बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन विकासकावर आहे, ते याचसाठी.

ताब्याच्या तारखेबद्दल बोलताना पोर्टलवर विकासकाने जाहीर केलेली तारीखच सांगावी. 'दिवाळीपर्यंत चावी हातात' हे वाक्य कानाला गोड लागते, पण ते कागदावर कुठेच नसते.

प्रशिक्षणात एक गोष्ट फारशी येत नाही, ती म्हणजे ऐकणे. साइट दाखवायला नेण्याआधी घर कधीपर्यंत हवे आहे, कर्जाची पूर्वमंजुरी झाली आहे का आणि शेवटचा निर्णय घरात कोण घेणार, एवढे विचारले तरी निम्म्या फेऱ्या वाचतात.

कागदपत्रे

अर्ज नमुना 'जी' मध्ये, महारेराच्या पोर्टलवरच भरायचा असतो. व्यवसायाचा थोडक्यात तपशील (नाव, पत्ता, स्वरूप), छायाचित्र, पॅनची साक्षांकित प्रत आणि व्यवसायाच्या जागेचा पुरावा लागतो. कंपनी किंवा भागीदारी असेल तर तिचे नोंदणी प्रमाणपत्र, भागीदारीपत्र किंवा घटनापत्रक, तसेच सर्व भागीदारांची वा संचालकांची छायाचित्रे आणि संपर्क तपशीलही द्यावे लागतात. फर्मच्या अर्जाला भागीदाराचे वैयक्तिक पॅन जोडणे ही नेहमीची चूक. पॅन फर्मचेच हवे.

सगळ्यात जास्त गोंधळ उत्पन्नाच्या कागदांवर होतो. मागच्या तीन आर्थिक वर्षांची आयकर विवरणपत्रे मागितली जातात. उत्पन्न करपात्र नव्हते म्हणून विवरणपत्र भरले नसेल तर अर्ज बाद होत नाही, पण ज्या वर्षांसाठी विवरणपत्र भरायची गरज नव्हती त्या वर्षांचे तसे घोषणापत्र जोडावे लागते. दोन वर्षांची विवरणपत्रे जोडून तिसऱ्या वर्षाबद्दल काहीच न लिहिणे म्हणजे त्रुटीचे पत्र ओढवून घेणे.

जागेच्या पुराव्यातही असेच. घरातूनच काम करत असाल तर घराचा पत्ता चालतो. मग तोच सगळीकडे लिहा. भाड्याची जागा असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार चालू मुदतीतला हवा. मुदत संपलेला करार जोडणारे बरेच असतात.

मागच्या पाच वर्षांत ज्या प्रकल्पांसाठी आणि विकासकांसाठी काम केले त्यांची यादी द्यावी लागते. अगदी नवीन असाल तर 'निरंक' लिहा, रकाना रिकामा सोडू नका. प्रलंबित दिवाणी किंवा फौजदारी खटल्यांचा तपशीलही मागितला जातो. खटला लपवलेला नंतर उघडकीला आला, तर चुकीची माहिती देऊन नोंदणी मिळवली म्हणून ती रद्द होऊ शकते, तेव्हा इथे आडपडदा नको. शेवटी लेटरहेड, रबरी शिक्का आणि पावतीचा नमुना. हे आधी छापून घ्या. अर्जाच्या दिवशी शिक्केवाल्याकडे धावण्याची वेळ अनेकांवर येते.

अर्ज भरताना

लॉगिनसाठी स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल द्या. सायबर कॅफेवाला किंवा सल्लागार स्वतःचा ईमेल टाकून प्रोफाइल उघडतो, आणि त्रुटीचे पत्र त्याच्याच खात्यात पडून राहते. स्कॅन केलेली पाने सरळ, वाचता येतील अशी आणि योग्य रकान्यात चढवा. शुल्क ऑनलाइन भरल्यावर पावती लगेच उतरवून ठेवा; पैसे कापले गेले पण पोर्टलवर नोंद दिसली नाही, तर तोच पुरावा.

निर्णयासाठी ३० दिवसांची मुदत आहे. अर्ज फेटाळायचा असेल तर आधी म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. ठरलेल्या मुदतीत मंजुरीही आली नाही आणि नकारही नाही, तर नोंदणी झाल्याचे कायद्याने मानले जाते.

क्रमांक मिळाल्यानंतर

नोंदणी प्रमाणपत्र व्यवसायाच्या जागी दिसेल असे लावावे आणि नोंदणी क्रमांक लेटरहेड, जाहिरात, पावती अशा प्रत्येक कागदावर लिहावा. एजंटचा क्रमांक 'ए'ने आणि प्रकल्पाचा 'पी'ने सुरू होतो. जाहिरातीत घाईत एकाच्या जागी दुसरा पडतो, तेवढे तपासून घ्या. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाचे बुकिंग घ्यायचे नाही, मग विकासक 'क्रमांक येतोच आहे' असे कितीही सांगो. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर त्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट असते. पण आपला प्रकल्प त्या सुटीत बसतो हे विकासकाकडून लेखी घ्या.

दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. म्हणून दर, देण्याची वेळ आणि बुकिंग रद्द झाल्यास काय, हे विकासकाशी कागदावर ठरवा, आणि प्रकल्पाच्या पोर्टलवरील एजंटांच्या यादीत आपले नाव आहे याची खात्री करा. हिशेबाच्या वह्या आणि प्रत्येक व्यवहाराची फाइल जपून ठेवणे हेही कलम १० चेच बंधन आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी गेला पाहिजे, तेव्हा प्रमाणपत्रावरची शेवटची तारीख आजच मोबाइलमध्ये तीन महिने आधीच्या आठवणीसह टाकून ठेवा.